एकशे साठाव्या पानानंतर

“पुस्तक परत घेते मी. भिजलेलं घेते, फाटलेलं घेते, एकीनं आत नवऱ्याचा चष्मा विसरून पाठवलं होतं, तेही घेतलं. पण कार्ड घेत नाही, दादा. आपल्याकडं कार्ड परत येतं ते माणूस गेल्यावर, नाहीतर बिऱ्हाड हलल्यावर. तुमचं यातलं काय चाललंय?”

काउंटरपलीकडं गवंडी उभा होता. काठी बगलेत, डावा पाय जरा बाजूला टाकलेला, अंगात बायकोनं कडक इस्त्री करून दिलेला सदरा. लायब्ररीची पायरी तो जन्मात पहिल्यांदा चढला होता आणि चढला होता तो लायब्ररी सोडायला.

“दोन्ही नाही,” तो म्हणाला. “पण हे आपलं काम नाही, ताई. माझ्या हाताला थापी बसते. पुस्तक नाही बसत.”

ताईंनी खोदून विचारलं. पुस्तक रटाळ निघालं का, अक्षर बारीक पडलं का, वाचताना घरात कोणी हसलं का. दर वेळी तो नाही म्हणाला. मग त्यानं नजर खिडकीवर नेली आणि सांगितलं की ही चौकट ओळंब्यात नाही, वरून चांगली बोटभर पुढं आलीय, आणि ज्यानं बसवली त्याला धरून आणला पाहिजे. कारण सांगायचं टाळणारा माणूस असाच दुसऱ्याच्या कामात शिरतो.

शेवटी त्यानं कार्ड पुस्तकावर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही. विटेवर वीट ठेवावी तसं कडेला कड जुळवलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि निघाला. जिना तेवीस पायऱ्यांचा. काठी, बरा पाय, दुखरा पाय. काठी, बरा पाय, दुखरा पाय. ताई तेविसाव्या पायरीपर्यंत ऐकत राहिल्या.

खिडकीजवळच्या टेबलावर निवृत्त हेडमास्तर बसले होते. ते रोज सकाळी येतात, तिन्ही पेपर स्वतःपुढं ओढून घेतात आणि एक वाचतात. पेपराआडून ते म्हणाले की वाचनाची बैठक लहानपणीच पडावी लागते. साठीला टेकलेल्या माणसाला ती आता कुठून आणणार, उगीच त्याला भरीला घातलंत. ताईंनी रजिस्टर पुढं ओढलं. गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, असं हेडमास्तरांनी धरलं. चाळीस वर्षं वर्गात शिकवून माणसाला ही एक खोड लागते.

ताईंना या लायब्ररीत सव्वीस वर्षं झाली. खाली कापडाचं दुकान, वर हा एकच लांबडा हॉल, त्यात आठ लोखंडी कपाटं. पहिली चार वर्षं त्या इथं झाडू-फडक्याला होत्या. उजव्या हातानं कपाट पुसायचं आणि डाव्या हातात पुस्तक उघडं धरायचं, अशी त्यांची पद्धत. त्यामुळं कपाटाचा एकच खण पुसायला अर्धा दिवस जायचा आणि तेव्हाच्या ग्रंथपालांना वाटायचं, बाई काय नेटकं काम करते. ते निवृत्त झाले आणि कमिटी शिकलेला माणूस शोधत राहिली. तोवर वाचक येऊन थेट फडक्यापुढं उभे राहायला लागले. बाई, परवा दिलंत तसलं एखादं आणखी द्या. शेवटी कमिटीनंच त्यांना परीक्षेला बसवलं. पोर कडेवर घेऊन त्या परीक्षेला गेल्या आणि पास होऊन आल्या.

आठांपैकी सहा कपाटं सगळ्यांची. दोन ताईंची. डावीकडच्यात खून, उजवीकडच्यात जनावरं. डावीकडचं दार अडतं, त्याला गुडघा लावावा लागतो. उजवीकडचं आपोआप उघडतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धक्का देतं. एका कार्डावर दोन पुस्तकं मिळतात, तेव्हा ताई जोडी देतात: एक रहस्यकथा, एक जनावराचं हसायचं पुस्तक. खुनानं माणूस ताठ होतो, जनावरानं सैल होतो; नुसते खून वाचणारा चार महिन्यांत जावयावर संशय घ्यायला लागतो आणि नुसती गाढवं वाचणाऱ्याला कामाचा कंटाळा येतो, हा त्यांचा अनुभव. पुस्तकांची नावं कोणी घेत नाही. बहिऱ्या पहारेकऱ्याचं, तीन किल्ल्यांचं, पोस्टात शिरलेल्या गाढवाचं, बदकाच्या लग्नाचं, अशीच ती मागितली जातात. बाहेर लोक या जागेला सरळ खून-जनावर लायब्ररी म्हणतात. कमिटीला ते आवडत नाही. ताईंना आवडतं.

तुम्हाला काय आवडतं, असं त्या कोणाला विचारत नाहीत. ते माणसाला ठाऊक असतं तर घरोघरी इतकी भांडणं झाली नसती, असं त्यांचं म्हणणं. त्या तीन प्रश्न विचारतात. घरी कोण कोण असतं? झोप कधी लागते? आज कोणाशी भांडलात? एवढ्यावर त्या कपाटाकडं वळतात आणि हात घालतात तो थेट त्या पुस्तकावर. नेम चुकत नाही. सव्वीस वर्षांत पुस्तक आवडलं नाही म्हणून कार्ड परत आलं असं एकदाही झालेलं नव्हतं.

गवंड्याचं पुस्तक तर त्यांनी खास निवडलं होतं. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला आणि तो तीन महिने घरात अडकला. बायको त्याची इस्त्रीवाली. लायब्ररीच्या मागच्या बोळात तिचं दुकान आणि दुकानामागंच दोन खोल्यांचं घर. ती एक दिवस जिना चढून धापा टाकत आली आणि म्हणाली, ताई, हा माणूस घरात बसून माझ्या इस्त्रीच्या घड्या ओळंब्यात आहेत का बघतो, गिऱ्हाईकासमोर. याला काहीतरी द्या, नाहीतर दुसरा पाय मी मोडते. वाचता येतं का, तर चौथीपर्यंत शाळा झालेली. दुकानाच्या पाट्या आणि सिमेंटच्या गोणीवरची अक्षरं एवढंच त्यानंतरचं वाचन. बोट ठेवून वाचेल.

ताईंनी त्याच्या नावानं कार्ड केलं आणि तीन प्रश्नांची उत्तरं बायकोकडूनच घेतली. मग त्यांनी डाव्या कपाटाला गुडघा लावला आणि भिंतीचं पुस्तक काढलं. एका बंगल्याचा मालक नाहीसा होतो आणि त्याचं प्रेत कोठीच्या खोलीत नव्या गिलाव्यामागं सापडतं. बारीकसारीक चुना-विटांनी भरलेलं पुस्तक. गवंड्यानं नाही वाचायचं तर कोणी? जोडीला शेळीचं पुस्तक द्यायचं होतं, कारण ती दोन्ही ताईंच्या डोक्यात एकत्रच असत. पण बायको म्हणाली, आधी एक तर संपू दे. पाच आठवडे पुस्तक त्या घरात होतं. बायको दर आठवड्याला येऊन मुदत वाढवून न्यायची आणि सांगायची की घर शांत आहे, घड्यांकडं बघत नाही, परवा तर जेवताना म्हणाला, बोलू नकोस, पोलीस आलेत.

आणि हा माणूस आज कार्ड ठेवून गेला होता.

एकला लायब्ररी बंद होते ती चारला उघडते. हेडमास्तर गेले. ताईंनी डबा उघडून बाजूला सारला आणि पुस्तक पुढं घेतलं. चूक माझी नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. मग ती कोणाची, ते शोधायचं राहिलं. इतके खून वाचलेल्या बाईला हे अवघड जाऊ नये.

पहिली खूण लगेच मिळाली. गवंड्याचा पाय अडकला होता, हात मोकळे होते. काठी टेकत जाऊन तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिंतींतली भोकं बुजवत होता. त्यामुळं पानांच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा पांढुरका ठसा होता. पान पाच, सात, नऊ. ताई ठशांमागोमाग निघाल्या. मध्येच सोडलं असेल तर ठसे तिथं थांबतील. चाळीसला ठसे होते. एकसष्टला तर दोन होते, म्हणजे तिथं तो परत आला होता. शंभरला होते. एकशे साठला होते. आणि त्यापुढच्या सोळा पानांवर ठसे एकावर एक असे पडले होते की कोपरे चुना लावल्यासारखे झाले होते.

माणूस कंटाळला नव्हता. माणसानं शेवट तीन-चार वेळा वाचला होता.

मग ताईंनीही शेवट वाचायला घेतला. हे पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलेलं. शेवट तोंडपाठ, म्हणून पुन्हा उघडायची गरज पडली नव्हती. एकशे साठाव्या पानाची शेवटची ओळ होती: ‘इन्स्पेक्टरनं कडी काढली, दार ढकललं, आणि पाहतो तो’. त्यांनी पान उलटलं. एकशे एकसष्ट सुरू होत होतं: ‘शेळी! तोंडात पाहुण्यांची नवी टोपी, आणि चेहरा असा की जणू टोपीच तिच्या तोंडात येऊन बसली.’

ताईंनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. मग खुर्ची मागं सारून उठल्या, उजव्या कपाटातलं शेळीचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच एकशे साठावं पान उघडलं. ‘पाहुणे टोपी शोधून दमले. मालकीणबाईंनी परसदार उघडलं, आणि पाहतात तो’. पुढच्या पानावर: ‘डॉक्टर! हातात बॅग, अंगावर प्रवासाचा कोट.’

दोन्ही पुस्तकं एकाच प्रकाशनाची, एकाच मापाची, दोन्हींची पानं एकशे शहात्तर. छपाई सोळा सोळा पानांच्या घडीत होते, त्या घडीला फर्मा म्हणतात. शेवटचा फर्मा याचा त्याला आणि त्याचा याला लागला होता. आकडे बरोबर, सांधा बरोबर, आणि खून बघायला गेलेल्या इन्स्पेक्टरसमोर शेळी.

बांधणी दोन वर्षांपूर्वीची होती. पुस्तकाच्या पाठीशी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर त्यानंतरचे, गवंड्याचा सोडून, नऊ सभासद नंबर होते. नऊ माणसांनी हे पुस्तक नेलं, आणलं, आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

तेवढ्यात ताईंना त्यांचा नवरा आठवला आणि त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. नवरा दुधाचा टँकर चालवतो आणि फक्त जनावरांची पुस्तकं वाचतो. मागच्या वर्षी एका सुट्टीच्या दुपारी शेळीचं पुस्तक मिटून तो म्हणाला होता, “अगं, पुस्तक झकास, पण शेवटी त्या डॉक्टरला बेड्या घातल्या ते काही मला पटलं नाही. टोपी तर शेळीनंच खाल्ली असणार.” आणि ताईंनी त्याला झाडला होता. वाचताना डुलक्या काढल्या की असंच होतं, पुस्तकाला नावं ठेवू नका, म्हणाल्या होत्या. तो बिचारा दोन दिवस ते पुस्तक परत चाळत होता. मग त्यानं नाद सोडला आणि म्हणाला, असेल, डॉक्टर पण सामील असेल.

साक्षीदार घरात होता. त्याला गप्प बसवलं होतं ते खुद्द ताईंनी.

डबा तसाच ठेवून त्या दोन्ही पुस्तकं घेऊन जिना उतरल्या. बाइंडरचं दुकान रस्त्यापलीकडं. तो बुटका माणूस, नखांत कायम खळ वाळलेली, आणि चूक दाखवली की आधी पावसाळ्याला दोष देणारा. ताईंनी पुस्तकं उघडून त्याच्यापुढं आदळली. त्यानं वाचलं. पहिल्यांदा त्याला हसू फुटलं, ते त्यानं कसंबसं गिळलं. मग त्याला आठवलं. सगळे लोक पुस्तकं सुटी आणून देतात, तुम्ही दोन दोन सुतळीनं बांधून पाठवता, तो म्हणाला. शिलाई उसवली की एकाच गठ्ठ्यातली दोन, रंग एक, कागद एक, आकडे एक. मी आकडे बघून लावतो, गोष्ट वाचत बसत नाही.

“जोडीनं मी बांधते,” ताई म्हणाल्या, “ती वाचणाऱ्यासाठी.”

“मग वाचणाऱ्यानं सांगायचं,” बाइंडर म्हणाला.

अशा वेळी ताई समोरच्याला कामाला लावतात. आत्ताच्या आत्ता उसव, म्हणाल्या, मी हलणार नाही. त्यानं पातं घातलं, दोन्ही फर्मे सोडवले, आपापल्या घरी लावले, दोरा ओढला, पाठीला खळ फिरवली आणि वरून लोखंडी वजन ठेवलं. तासभर उघडू नका, म्हणाला.

तो तास ताईंनी फुकट घालवला नाही. चिठ्ठीवरचे नऊ नंबर त्यांना चेहऱ्यांसकट पाठ होते. शेजारीच शिंपी, नंबर एकशे बारा. त्याला विचारलं, भिंतीच्या पुस्तकात खून कोणी केला? शिंप्यानं मशीन थांबवलं नाही. म्हणाला, शेवटच्या वीस पानांवर त्याला नेहमीच झोप लागते, तेव्हा शेवट बायको सांगते. तिनं सांगितलं माळ्यानं केला. बायको आतून म्हणाली की तिनं ते पुस्तक हातात धरलेलं नाही, पण यांना काहीतरी सांगितल्याशिवाय हे दिवा बंद करत नाहीत. पुढं औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, नंबर दोनशे चार. तो म्हणाला, आपल्याला कळलं होतं काहीतरी गडबड आहे, पण एका पुस्तकात दोन गोष्टी मिळाल्या तर तक्रार कशाला करायची. बाकीच्यांकडं जायची ताईंना गरज वाटली नाही. एक नंबर मात्र त्यांनी डोक्यात वेगळा काढून ठेवला. सतरा. तो हेडमास्तरांचा होता. दोन वर्षांपूर्वी भिंतीचं पुस्तक परत करताना हेडमास्तर काय म्हणाले होते, ते ताईंना शब्दासकट आठवत होतं. शेवट प्रतीकात्मक आहे, म्हणाले होते, सगळ्यांना पेलणारा नाही.

वजन उचलून त्यांनी पुस्तक घेतलं आणि बोळात शिरल्या.

इस्त्रीच्या दुकानात वाफ भरली होती. बायको चादरीवर पाण्याचा हबका मारत होती आणि गवंडी दाराशी खोक्यावर बसून समोरच्या घराच्या छपराकडं असा पाहत होता की त्या छपराला लाज वाटावी. ताईंना पाहून तो उठायला लागला.

“बसा,” ताई म्हणाल्या. “मी कार्ड घेऊन आले नाही. एक विचारायला आलेय. खून कोणी केला?”

गवंडी बायकोकडं पाहायला लागला. बायकोनं इस्त्री उभी केली.

“मला कसं कळणार?” तो म्हणाला. “तिथं लिहिलंय ते मला समजलं नाही. म्हणून तर आलो होतो सकाळी.”

“लिहिलंय ते राहू द्या. तुमच्या मते कोणी केला?”

त्यानं काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. मग हलक्या आवाजात बोलायला लागला, आणि बोलता बोलता आवाज चढत गेला.

“डॉक्टरनं. एकसष्टाव्या पानावर पोलीस त्या भिंतीला टेकतो आणि त्याची बाही ओली होते. ते दिवस कसले, तर ऐन उन्हाळा, विहीर आटलीय असं मागं म्हटलंय. डॉक्टर म्हणतो, हा गिलावा पंधरा दिवसांचा, मी सुई द्यायला आलो तेव्हाच पाहिला होता. आता मला सांगा ताई, उन्हाळ्यातला पंधरा दिवसांचा गिलावा माणसाची बाही भिजवतो होय? परवाचा गिलावा आहे तो. मग पंधरा दिवस कोण म्हणालं? जो म्हणाला त्याला धरा. शंभर पानं मी त्या इन्स्पेक्टरला मनातल्या मनात सांगतोय, बाबा, बाहीकडं बघ, बाहीकडं बघ. आणि तो दार उघडतो तर शेळी.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“परत वाचलं. चार वेळा वाचलं. म्हटलं, आपण अडाणी. एवढी मोठी लायब्ररी, शहाणी माणसं वाचतात, त्यांना यात काहीतरी दिसत असणार. शेळीचा माग काढला. तिच्या खुराला कुठं चुना लागला होता का, म्हणून पार सुरुवातीपासून मनात आठवत आलो. सबंध पुस्तकात शेळी नाही. ती टोपी तरी कोणाची, तेही कळेना. मग म्हटलं, बस्स. ज्याला शेळी कुठून आली कळत नाही, त्यानं पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये.”

बायकोनं तोंडावर पदर धरला होता. ताई हसल्या नाहीत. समजवायलाही गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

गवंड्यानं ते उघडलं नाही. आधी हातात तोललं. मग पाठीवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. अंगठा नाकाशी नेला.

“हे ओलं आहे,” तो म्हणाला. “आजचं काम आहे हे. तासाभराचं.”

ताईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

“सकाळी मी दिलं तेव्हा कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे मी गेल्यावर कोणीतरी उसवलं. उसवलं म्हणजे आत काहीतरी बदललं.” त्यानं वर पाहिलं. डोळे बारीक झाले होते. “ताई, ती शेळी या पुस्तकातली नव्हतीच.”

“दुसऱ्या पुस्तकातली. बाइंडरनं इकडची तिकडं लावली. दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं? आणि कोणी सांगितलं नाही?”

“नऊ जणांनी नेलं. एकाला झोप लागली, एकाला चाललं, एकाला फार आवडलं. माझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं, त्याला मी वेड्यात काढला. तुम्ही एकट्यानंच ते पुस्तक शब्दाला शब्द लावून वाचलंत, म्हणून तुम्हालाच लागलं.”

गवंडी खुलला नाही. तो रागावला. आठवडाभर मी स्वतःला बैल समजत होतो, म्हणाला. जेवण जात नव्हतं. उद्या कोणी माझ्या भिंतीत शेजारच्या घराचं दार बसवलं तर मी नऊ माणसं आत-बाहेर जाऊ देईन काय? तुम्ही परत आलेलं काम बघून घेत नाही? ओळंबा लावत नाही? बायको म्हणाली, अहो, ताईंशी काय बोलताय. पण ताईंनी हातानं तिला थांबवलं. बोलू देत, म्हणाल्या, हिशेबानं माझीच चूक आहे, बघून घ्यायला हवं होतं. असं वाक्य त्यांच्या तोंडून सव्वीस वर्षांत लायब्ररीनं ऐकलं नव्हतं, आणि लायब्ररी जवळपास नव्हती म्हणूनच ते निघालं असावं.

राग ओसरल्यावर त्यानं पुस्तक उघडलं. फार ताणलं नाही. ओल्या कामाशी कसं वागायचं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. एकशे साठावं पान काढलं, शेवटच्या ओळीखाली बोट धरलं, पान उलटलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. एकेक अक्षर उचलून, जागेवर ठेवून, दाबून.

“डॉक्टर. हातात बॅग, अंगावर प्र-वासाचा कोट. इन्स्पेक्टर म्हणाला, कुठं निघालात डॉक्टर? तुम्हाला मी नाही पकडलं. तुम्हाला भिं-तीनं पकडून दिलं. पंधरा दिवसांचा गिलावा बाही...”

इथं तो थांबला. बोट जिथल्या तिथं होतं. समोरच्या छपराकडं त्यानं एकदा पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि मान हलवली, जशी तो नवी भिंत उभी राहिल्यावर हलवत असणार.

“बाही भिजवत नाही,” त्यानं पुढं न वाचताच पुरं केलं.

“तेच लिहिलंय?” बायकोनं विचारलं.

“दुसरं काय लिहील?” गवंडी म्हणाला. मग ताईंकडं न पाहता म्हणाला, “तुम्ही जा आता. अजून पंधरा पानं आहेत, आणि मध्ये बोललेलं मला चालत नाही. आणि माझं कार्ड नीट ठेवा.”

“पुस्तकाची मुदत आठवडाभर.”

“परवा आणून देतो. आणि ती शेळी ठेवा माझ्यासाठी. तिच्या मूळ घरी ती काय करत होती, ते बघायचंय मला. सोळा पानं मी वाचलीच आहेत, फक्त पुढची राहिलीत.”

मागची राहिलीत, असं बायको म्हणाली, पण तोवर त्यानं कानांत बोळे घातल्यासारखं तोंड केलं होतं.

ताई परत आल्या तेव्हा चारला पाच मिनिटं होती आणि जिन्यावर रांग लागली होती. सर्वांत वरच्या पायरीवर हेडमास्तर, कारण दुपारचा चहा झाला की ते उरलेले दोन पेपर वाचायला येतात. कुलूप काढता काढता ताईंनी त्यांना विचारलं, सर, भिंतीच्या पुस्तकाचा शेवट तुम्हाला प्रतीकात्मक वाटला होता ना, कशाचं प्रतीक होती ती शेळी? हेडमास्तरांनी घसा साफ केला. म्हणाले, शंका मला तेव्हाच आली होती, पण म्हटलं लेखकाचा काही हेतू असेल. पायरीवरच ताईंनी त्यांना सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पण रांगेला ऐकू जाईल इतपत. वर हेही सांगितलं की साठीला टेकलेल्या एका माणसानं एकसष्टाव्या पानावरच खुनी ओळखला होता.

हेडमास्तर पेपराकडं गेले नाहीत. मग ताईंनी कपाटामागचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. दोन वर्षांत बाइंडरकडून आलेली त्रेसष्ट पुस्तकं होती. म्हणाल्या, सर, प्रत्येक फर्म्याचा सांधा वाचून बघायचा, इकडचं वाक्य तिकडं लागतंय का. तुमच्यासारखा मराठीचा माणूस मला दुसरा कुठून मिळणार? हेडमास्तरांनी पेन काढलं आणि पहिलं पुस्तक ओढलं. खूश झाल्याचं त्यांनी दाखवलं नाही, पण पेपर तिन्ही बाजूला सारले.

ताई खुर्चीवर बसल्या. गवंड्याचं कार्ड काउंटरवर होतं तसंच होतं. ते त्यांनी त्याच्या खणात सरकवलं. शेळीच्या पुस्तकाला चिठ्ठी लावून ते वेगळं काढलं. मग एक वाक्य त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलं, घरी गेल्यावर नवऱ्याशी बोलायचं राहू नये म्हणून: ‘डॉक्टरचं तुमचं बरोबर होतं.’ घडी करून कागद डब्याच्या पिशवीत टाकला. डबा तसाच होता. तो आता संध्याकाळी.

रांगेतली पहिली बाई पुढं आली. नवीन होती, हातात कोरं कार्ड. दवाखान्यात काम करते म्हणाली, आणि तिला छानसं काहीतरी हवं होतं, मन लागेल असं, म्हणजे नक्की काय ते तिला सांगता येईना.

“ते मी बघते,” ताई म्हणाल्या आणि डाव्या कपाटाला गुडघा लावला. “घरी कोण कोण असतं?”